ठासणीची बंदूक खाली मारते? कानस लावण्याआधी हे वाचा

रावेर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा, तळोदा. सातपुड्याच्या पायथ्याच्या या पट्ट्यात पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची, बंदूक अजून दिसते. तिच्याबद्दलची नेहमीची तक्रार अहिराणीत तीन शब्दांत सांगतात: "बंदूक खाले मारस." नेम बरोबर धरला तरी गोळी खाली लागते.

बंदुकीच्या दुखण्यांमध्ये हे त्यातल्या त्यात स्वस्त दुखणं आहे. पुढची साईट, म्हणजे नळीच्या तोंडाजवळची माशी, उंच असली की गोळी खाली जाते. उंच माशी घासून कमी करता येते. वर मारणाऱ्या बंदुकीची माशी मात्र ठेंगणी असते आणि ती वाढवता येत नाही, नवीनच बसवावी लागते. म्हणून चांगले कारागीर माशी मुद्दाम थोडी उंच ठेवतात. मालकाने आपली दारू, आपली गोळी आणि आपला डोळा यांच्या हिशेबाने ती नंतर उतरवून घ्यावी, अशी त्यामागची कल्पना असते.

गोम अशी की "खाली मारते" म्हणून आलेल्या बऱ्याच बंदुकांमध्ये दोष माशीचा नसतोच. दोष धरण्यात असतो, भरण्यात असतो, कधी नुसत्या उन्हात असतो. अशा बंदुकीची माशी घासली तर पुढच्या महिन्यात ती वर मारायला लागते, आणि मग खरा खर्च सुरू होतो. त्यामुळे खालच्या क्रमात कानस जवळजवळ शेवटी आली आहे.

एक नियम आधी पाठ करा: मागची साईट (डोळ्याकडची खाच) ज्या बाजूला सरकते त्याच बाजूला गोळी सरकते, माशी सरकते त्याच्या उलट बाजूला गोळी जाते. गोळी वर आणायची तर मागची साईट वर न्या किंवा माशी खाली आणा. गोळी उजवीकडे न्यायची तर मागची साईट उजवीकडे किंवा माशी डावीकडे. घाईत इथेच उलटापालट होते, म्हणून हे कागदावर लिहून सोबत ठेवा.

1. कागद आणि जागा

सोबत काय हवं:

- मूळ शस्त्र परवाना, मुदतीतला. त्यावर युनिक आयडी क्रमांक आहे ना ते बघा, आणि परवान्यात नोंदवलेला बंदुकीचा क्रमांक बंदुकीवरच्या क्रमांकाशी जुळवून घ्या.
- परवान्यावर लिहिलेल्या अटींची झेरॉक्स. बंदूक कोणत्या क्षेत्रात बाळगता येते, दारू-गोळी किती ठेवता येते, हे तिथेच असतं.
- दारू आणि टोप्या (घोडा आपटला की फुटून दारू पेटवतात त्या) परवानाधारक दुकानातून घेतल्याची पावती.

शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 13 मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. पण पीकसंरक्षणाचा परवाना म्हणजे कुठेही चांदमारी करण्याची मुभा नव्हे. नेम तपासायला अधिकृत रेंज सगळ्यात बरी. ती जवळ नसेल तर परवाना देणाऱ्या कार्यालयात किंवा पोलीस ठाण्यात लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. तोंडी "मारा हो, काही होत नाही" याला नंतर कोणी ओळखत नाही.

दुसरं म्हणजे शस्त्राच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो. म्हणून या लेखात कामाची वाटणी अशी धरली आहे: गोळ्या मारून मोजमाप तुम्ही घ्यायचं, धातूला हात परवानाधारक दुरुस्ती कारागिराने लावायचा. "थोडी खाली मारते, बघा जरा" असं सांगून बंदूक दिलीत तर तो अंदाजाने घासणार. "माशी 1.4 मिलिमीटर उतरवा" असं लिहून दिलंत तर तेवढीच घासेल. पुढची सगळी खटपट हा एक आकडा काढण्यासाठी आहे.

आणि नेम जमला म्हणून रानडुक्कर किंवा रोही मारता येतो असंही नाही. त्यासाठी वन्यजीव कायद्याखाली वन विभागाची परवानगी वेगळी लागते.

जागेबद्दल. तापीकाठच्या काळ्या मातीच्या सपाट रानात गोळी अडवायला मागे काहीच नसतं. केळीची बाग गोळी अडवत नाही, खांब म्हणजे नुसतं पाणी आणि धागे. तुरीचं, कपाशीचं रान तर त्याहून विरळ. निशाणामागे मातीचा भक्कम, उंच बांध हवा, तोही दगड नसलेला. शिशाची गोल गोळी काळ्या दगडावर आपटली की कुठल्याही दिशेला उडते.

2. सामान

- व्हर्निअर कॅलिपर आणि दोन मीटरची टेप
- 50 मीटरची टेप. पावलांनी मोजू नका, गणितात अंतर खरं लागतं.
- वाळूने भरलेली दोन पोती: एक पुढे, एक दस्त्याखाली
- पुठ्ठ्यावर चिकटवलेले मोठे पांढरे कागद, निदान 60 सेंमी उंच. मध्ये काळा चौकोन.
- दारू मोजायचं ठरावीक माप
- साफ करायच्या सुती चिंध्या, पाणी, गज
- कान आणि डोळ्यांचं संरक्षण. टोपी फुटते तेव्हा तांब्याचे बारीक कपचे उडतात. नुसत्या उन्हाच्या गॉगलवर भागवू नका.
- कापराच्या दोन वड्या आणि काडेपेटी. कशाला, ते चौथ्या पायरीत.
- वही

3. बंदूक रिकामी आहे आणि घट्ट आहे याची खात्री

ठासणीच्या बंदुकीत आत बार आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही. महिनाभर भरून खुंटीला लावलेल्या बंदुका असतात. तोंड सुरक्षित दिशेला ठेवून गज नळीत तळापर्यंत सोडा, नळीच्या तोंडाशी गजावर पेन्सिलीची खूण करा. मग गज बाहेर काढून, खूण नळीच्या तोंडाशी जुळवून, नळीच्या बाजूला धरा. त्याचं टोक निपलच्या (जिच्यावर टोपी बसते ती बारीक नळी) किंवा कानाच्या (दारू पेटवायचं भोक) जागेपर्यंत पोहोचलं तर नळी रिकामी. चार बोटं आधीच थांबलं तर आत काहीतरी आहे. अशी बंदूक कारागिराकडेच रिकामी करून घ्या.

रिकामी असताना गजावरची खूण पक्की करून घ्या. बार भरल्यावर गज जिथे थांबतो तिथे दुसरी खूण येईल. या दोन खुणा तुमचा विमा आहेत. गोळी दारूवर टेकली नाही, मध्ये पोकळी राहिली, तर नळी फुगते किंवा फुटते.

मग हे तपासा:

- माशी बोटाने ढकलून पाहा. हलली तर पुढचं सगळं थांबवा, आधी ती घट्ट करून घ्या.
- मागची साईट तिच्या खाचेत घट्ट आहे का.
- नळी दस्त्याला धरणारी पाचर आणि मागचा स्क्रू. पाचर सैल असेल तर नळी दर बाराला वेगळ्या जागी बसते आणि निशाणावर गोळ्या उभ्या रेषेत विखुरतात. "कधी खाली, कधी बरोबर" या तक्रारीत आधी पाचर बघावी.
- नळीच्या तोंडाची कड. लोखंडी गज वर्षानुवर्षं एका बाजूला घासून ती झिजते. गोळी बाहेर पडताना एकीकडून आधी सुटते आणि वाकडी जाते. यावर साईट हा उपाय नाही.

नळी वाकलेली वाटली तर घरी सरळ करायच्या फंदात पडू नका. अशी बंदूक आधी दाखवा, मग मारा.

4. खाली कोण मारतंय, बंदूक की तुम्ही?

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या.

*माशी किती दिसते.* मागच्या साईटची खाच आणि माशी यांचं नातं असं हवं: माशीचं डोकं खाचेच्या वरच्या कडांशी सपाट रेषेत, दोन्ही बाजूंना सारखा उजेड. बरेच जण माशी खाचेच्या तळाशी बुडवून, तिचं नुसतं टोक बघून मारतात. "बारीक नेम" म्हणून त्याचं कौतुकही होतं. पण माशी खाचेत एक मिलिमीटर बुडाली आणि दोन साईटमधलं अंतर 70 सेंमी असलं, तर 50 मीटरवर गोळी सात सेंमी खाली जाते. बंदुकीत काही दोष नसतानाही.

*नेम कुठे धरता.* काळ्या चौकोनाच्या खालच्या कडेला माशी टेकवायची की बरोबर मध्यावर? कोणतीही पद्धत चालेल, पण एकच धरा. 20 सेंमीच्या चौकोनाच्या खालच्या कडेला नेम धरून गोळी मध्यात लागावी अशी अपेक्षा केली, तर बंदूक दहा सेंमी "खाली मारते". शेतात जनावराला खालची कड नसते, म्हणून मध्यावरचा नेम बरा, असं आमचं मत.

*ऊन.* जळगावकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो तेव्हा दुपारी पितळी माशी चमकायला लागते. चमकणारी माशी डोळ्याला मोठी आणि उंच भासते, आपण नकळत नळीचं तोंड खाली घेतो आणि गोळी खाली जाते. त्यात तापलेल्या नळीवरून लहरणारी हवा निशाण नाचवते. नेम तपासायचा तर सकाळी, ऊन चढायच्या आत. आणि माशीला कापराचं काजळ धरा: जळत्या कापराच्या वडीवर माशी दोन सेकंद धरली की तिच्यावर काळा, अजिबात न चमकणारा थर बसतो. पुसला की जातो. हे फक्त रिकाम्या बंदुकीवर करायचं, आणि दारूचा डबा निदान वीस पावलं लांब ठेवून. आरतीच्या कापराचा हा दुसरा उपयोग जुन्या नेमबाजांना ठाऊक आहे.

*दचकणं.* टोपी फुटते आणि बार उडतो, या दोन्हींमध्ये क्षणभराचं अंतर असतं. चकमकीच्या बंदुकीत ते आणखी जास्त. तेवढ्यात खांदा पुढे येतो, हात आवळतो, नळीचं तोंड खाली जातं. परीक्षा सोपी आहे: सोबत्याला सांगा की कधी टोपी लावून द्यायची, कधी न लावताच, आणि कोणती ते सांगायचं नाही. टोपी नसताना चाप ओढल्यावर माशी खाली झुकलेली दिसली तर दोष तिथेच सापडला. बार उडाल्यावरही मनात "एक, दोन" म्हणेपर्यंत माशीवर नजर ठेवण्याची सवय लावा.

*टेकवणं.* पोतं दस्त्याच्या लाकडाखाली हवं, नळीखाली नको. नळी कडक गोष्टीवर टेकवली की बार उडताना ती उसळते आणि गोळी वर लागते. बांधावरच्या दगडावर नळी टेकवून बरोबर केलेली बंदूक रात्री हातात धरून मारली की खाली जाते, त्याचं कारण बहुतेक हेच.

5. भरणी एकसारखी करा

दारू बदलली की गोळी लागायची जागा बदलते. म्हणून आधी भरणी ठरवा, मग साईटकडे वळा. हा क्रम उलटा केला तर माशी घासून झाल्यावर नवी दारू येते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

दारूचं प्रमाण बंदूक बनवणाऱ्याने किंवा ती तपासलेल्या कारागिराने सांगितलेल्या मर्यादेतच. इथे एक सापळा जिवावर बेतू शकतो: माप ग्रेनमध्ये असतं, ग्रॅममध्ये नाही. 60 ग्रेन म्हणजे सुमारे 3.9 ग्रॅम. ग्रेनला ग्रॅम समजलं की दारू पंधरापट होते. काळ्या दारूऐवजी काडतुसातली धूर न करणारी दारू ठासणीच्या बंदुकीत कधीच घालायची नाही, चिमूटभरसुद्धा नाही. तिचा दाब या नळ्यांना सोसत नाही. घरी दारू बनवणं हा तर वेगळाच गुन्हा आहे.

जास्त दारू घातली की गोळी वर जाईल, हा सोपा वाटणारा उपायही करू नका. कधी वर जाते, कधी जवळच्या अंतरावर उलट खाली जाते, कारण वेगवान गोळी नळी धक्क्याने उचलली जायच्या आत बाहेर पडते. नेमाचा दोष दारूने झाकू नये.

आटे (आतून पीळदार खाचा) असलेल्या नळीत, म्हणजे खऱ्या रायफलमध्ये, चिंधीत गुंडाळलेली गोल गोळी वापरत असाल तर मापं अशी जुळतात: 12.7 मिमीच्या नळीला 12.45 मिमीची गोळी आणि 0.38 ते 0.46 मिमी जाडीची घट्ट विणीची सुती चिंधी. टेरिकॉटची चालत नाही, ती वितळते. मारल्यावर चिंध्या शोधून बघा. गोल, काळा डाग आणि शाबूत कडा असतील तर ठीक. फाटलेली किंवा जळून भोक पडलेली असेल तर गोळ्या पसरणारच, माशी कितीही घासा.

चिंधीला वंगण मेण आणि खोबरेल तेलाचं चालतं. पण खोबरेल 24 अंशांच्या वर पातळ होतं. खानदेशी उन्हाळ्यात ते चिंधीतून झिरपून दारू भिजवतं आणि बार मंद होतो. मंद बार खाली पडतो. उन्हाळ्यात मेण जास्त, तेल कमी. गाडीचं ऑईल नको, काळ्या दारूच्या काजळीबरोबर त्याचं डांबर होतं.

दर बारानंतर एक ओलसर चिंधी, मग एक कोरडी. काजळी साचली की पुढची गोळी बसायला जड जाते आणि गट, म्हणजे निशाणावरचा गोळ्यांचा पुंजका, सरकतो. साफ करण्याने आतला निखाराही विझतो. दारू नेहमी वेगळ्या मापातून ओता, डब्यातून थेट नळीत कधी नाही.

टोपी फुटली पण बार उडाला नाही तर बंदुकीचं तोंड निशाणाकडेच ठेवून निदान दोन मिनिटं थांबा. "काय झालं" म्हणून नळीत डोकावणाऱ्याची चूक दुरुस्त होत नाही.

6. गट घ्या

आधी 25 मीटर. इथे गोळी कागदावर लागते याची खात्री झाली की 50 मीटर. स्वच्छ, तेल लावलेल्या नळीतली पहिली गोळी बहुधा वेगळीच लागते, ती मोजू नका. त्यापुढच्या पाच मोजा. एका गोळीवरून कधीच काही ठरवू नका, तिनांवरून नाइलाज असेल तरच.

नेमाच्या बिंदूतून आडवी रेघ ओढा आणि प्रत्येक भोक रेघेच्या किती खाली आहे ते मोजा. समजा पाच गोळ्या 14, 17, 12, 16 आणि 16 सेंमी खाली आहेत. बेरीज 75, भागिले 5, म्हणजे सरासरी 15 सेंमी. हा गट पाच सेंमीच्या उंचीत बसला आहे, यावर भरवसा ठेवायला हरकत नाही. तेच आकडे 2, 28, 9, 21, 15 असे असते तरी सरासरी 15 च आली असती, पण अशी बंदूक साईटने सुधारत नाही. परत तिसऱ्या आणि पाचव्या पायरीकडे जा.

7. आकडा काढा

मागच्या साईटच्या खाचेपासून माशीपर्यंतचं अंतर मोजा. समजा 70 सेंमी. सगळं मिलिमीटरमध्ये घ्या:

चूक × दोन साईटमधलं अंतर ÷ निशाणाचं अंतर
150 × 700 ÷ 50,000 = 2.1 मिमी

म्हणजे माशी एकूण 2.1 मिमी उतरायला हवी. पहिल्या फेरीत यातलं दोन तृतीयांशच, म्हणजे 1.4 मिमी. तेवढ्याने गोळी दहा सेंमी वर यायला हवी आणि पाच सेंमी बाकी राहायला हवी. तसं झालं तर तुमचं गणित, भरणी आणि धरणं तिन्ही जागेवर आहेत. नाही झालं तर अजून 0.7 मिमी धातू शिल्लक आहे.

माशीची आत्ताची उंची व्हर्निअरने मोजून वहीत लिहा. साडेतीन मिमीच्या माशीतून 2.1 काढले तर 1.4 उरतात, तेही खाचेतून नीट दिसायला हवेत. माशी इतकी बुटकी होणार असेल तर ती न घासता मागची साईट उंच बसवून घ्या. सूत्र तेच, आकडा तोच.

8. साईटला हात

मागच्या साईटला स्क्रू किंवा पायऱ्यांची पट्टी असेल तर कानशीचा प्रश्नच नाही. पट्टी एक पायरी वर, पुन्हा गट. नव्या पद्धतीच्या ठासणी रायफलींवर स्क्रू असतो. तो किती फिरवला की किती सरकतं, हे एकदा मारून वहीत नोंदवा.

डावं-उजवं आधी नीट करून घ्या, कारण ते परत फिरवता येतं. साईट खाचेत आडवी सरकवायची असते. सरकवण्याआधी साईट आणि नळी दोन्हींवर एकच बारीक रेघ ओढावी, म्हणजे किती हलली ते दिसतं. पंच पितळेचा, लोखंडी नको. किती सरकवायची, त्याला वरचंच सूत्र.

मग कानस. काम कारागिराचं असलं तरी शेजारी उभं राहून हे बघा:

- वाईसच्या जबड्यात लाकूड किंवा चामडं, आणि आवळणं बेताचं. नळी चेपायला वेळ लागत नाही.
- माशीच्या दोन्ही बाजूंना नळीवर चिकटपट्टीचे दोन-तीन थर. कानस घसरली तर चरा पट्टीवर पडावा.
- निपल झाकलेलं. पितळेचा एक बारीक कण आत अडकला तरी टोपीची आग दारूपर्यंत पोहोचत नाही.
- अगदी बारीक दात्यांची सपाट कानस. हात एकाच दिशेने, पुढे ढकलताना दाब, परत आणताना उचललेली. दर पाच-सहा हातांनी व्हर्निअर.
- डोक्याची डोळ्याकडची कड सगळ्यात उंच, तिथून नळीच्या तोंडाकडे किंचित उतार. उलटा उतार राहिला तर डोळ्याला दोन कडा दिसतात आणि ऊन हललं की नेम हलतो.
- दोन्ही बाजू सारख्या. डोकं तिरकं घासलं गेलं तर गोळी बाजूलाही जाते.

शेवटी कड मोडण्यापुरता बारीक पॉलिश पेपर. गोल गुळगुळीत करून चकचकीत केलेली माशी दिसायला छान असते आणि उन्हात त्रास देते.

ठरलेले 1.4 मिमी झाले की थांबायचं. "आता वाईसमध्ये आहेच तर उरलेलंही उरकून टाकू" हे वाक्य कानावर पडलं की बंदूक काढून घ्या.

9. मागची साईटच नसेल तर

पीकसंरक्षणाच्या बऱ्याच बंदुका गुळगुळीत नळीच्या असतात आणि त्यांना नुसती माशी असते. अशा बंदुकीत मागची साईट म्हणजे तुमचा डोळा. गाल दस्त्यावर जितका दाबाल तितका डोळा खाली आणि गोळी खाली.

इथे माशी घासण्याआधी दस्त्याच्या वरच्या कडेवर, गाल टेकतो तिथे, चामड्याची पट्टी बांधून पाहा. डोळा ते माशी अंतर एक मीटर धरलं तर तीन मिमी जाड पट्टीने 40 मीटरवर गोळी सुमारे 12 सेंमी वर येते. पट्टी कमी-जास्त करता येते, काढताही येते. हिवाळ्यात स्वेटर आणि मफलर घालून जागल करणाऱ्याचा गाल वेगळा बसतो, हेही ध्यानात असू द्या. छर्रे मारत असाल तर एकेक भोक न मोजता दाट भागाचा मध्य मोजा.

10. फेरतपासणी, सफाई, वही

पुन्हा 50 मीटर, पुन्हा पाच गोळ्या, तीच भरणी, शक्यतो तीच वेळ. बाकी राहिलेली चूक पुन्हा सूत्रात घाला. दोन फेऱ्यांत काम होतं, तिसरी क्वचित लागते. दोन-तीन सेंमीची चूक राहिली तर राहू द्या. तेवढी कमी-जास्त भरणीतच होते.

त्याच दिवशी नळी गरम पाणी आणि साबणाने धुवा, कोरडी करा, तेलाचा हात द्या. काळ्या दारूची काजळी हवेतलं पाणी ओढते, पावसाळ्यात रात्रीत गंज धरतो. पुढच्या वेळी भरण्याआधी ते तेल पुसून काढायचं, नाहीतर पहिला बार मंद.

वहीत हे असावं: तारीख, दारूचा प्रकार आणि माप, गोळीचा व्यास, चिंधी आणि वंगण, अंतर, पाचही भोकांचे आकडे, आणि माशीची शेवटची उंची मिलिमीटरमध्ये. निवडणुकीत बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागली तर परत घेताना ही वही सोबत न्या. कोठारात बंदुका एकावर एक टेकवलेल्या असतात आणि माशीलाच पहिला मार बसतो. पावतीवर सही करण्याआधी व्हर्निअर लावा. उंची जुळली आणि रेघ जागेवर असली तर तीन गोळ्यांची खात्री पुरेशी आहे. जुळली नाही तर सहावी पायरी.